वितरित संगणनातील सदोष कार्यघटक आणि स्वयंसेवकाची सूचना : एक ऐतिहासिक विवेचन

विज्ञानाच्या इतिहासात सामान्य माणसाने निरीक्षकाची भूमिका अनेकदा बजावली आहे. गणकाची भूमिका मात्र त्याच्या घरच्या संगणकाकडे विसाव्या शतकाच्या अखेरीस आली. मर्सेन मूळ संख्या शोधणारा 'गिम्प्स' प्रकल्प जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये सुरू केला. मे १९९९ मध्ये बर्कले येथील संशोधकांनी 'सेटी अ‍ॅट होम' लोकांसमोर आणला. प्रचंड गणनेचे तुकडे करून ते स्वयंसेवकांच्या संगणकांना वाटून द्यावयाचे, अशी ही योजना होती. असा तुकडा, म्हणजे कार्यघटक, सदोष निघाल्यास स्वयंसेवकाने ते केव्हा कळवावे, या प्रश्नाचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

या प्रश्नाची पूर्वपीठिका १९९४ मध्ये सापडते. अमेरिकेतील लिंचबर्ग कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली जुळ्या मूळ संख्यांवरील गणना अनेक वैयक्तिक संगणकांवर करीत होते. जून १९९४ मध्ये त्यांना उत्तरांत विसंगती आढळली. तथापि, त्यांनी इंटेल कंपनीला कळविले ते २४ ऑक्टोबर रोजी. मधल्या चार महिन्यांत स्वतःची आज्ञावली, कंपायलर आणि यंत्राचे इतर भाग यांचा संशय त्यांनी एकेक करून दूर केला. अखेर दोष पेंटियम प्रोसेसरच्या भागाकारात निघाला. हा विलंब काहींना दीर्घ वाटेल. प्रस्तुत लेखकाच्या मते तो अपरिहार्य होता. कारण नाइसली जवळजवळ एकटे होते आणि पडताळ्याची सर्व साधने त्यांना स्वतःच उभारावी लागली.

वितरित प्रकल्पांनी नेमकी हीच स्थिती पालटली. तापलेला किंवा प्रमाणाबाहेर वेगाने चालविलेला प्रोसेसर चुकीचे उत्तर देऊ शकतो, म्हणून 'सेटी अ‍ॅट होम'ने एकच कार्यघटक दोन-तीन संगणकांना देऊन उत्तरे ताडून पाहण्याची पद्धत ठेवली. पुढे 'बॉइंक' या सामायिक प्रणालीत ती अधिक सुव्यवस्थित झाली. ठरावीक संख्येहून अधिक संगणकांवर कार्यघटक अयशस्वी झाला की प्रणाली तो पाठविणेच थांबवते. आपल्या कार्यघटकाचे इतरांकडे काय झाले, हेही स्वयंसेवकाला पाहता येते. म्हणून एखादे कार्य आरंभीच बंद पडले, तर लगेच तक्रार करण्याचे प्रयोजन उरत नाही. इतरांकडे ते पार पडले असल्यास दोष बहुधा आपल्याच यंत्रात असतो. सर्वत्र बंद पडत असल्यास प्रणाली त्याची नोंद घेतेच. परंतु कार्य बंदही पडत नाही आणि पुढेही सरकत नाही, असे अनेकांकडे घडू लागले की थांबणे चूक ठरते. दरम्यान वीज आणि वेळ खर्च होत असतो आणि स्वयंसेवकाचे वीजबिल कोणताही प्रकल्प भरत नाही.

याहून बिकट प्रसंग २००६ मध्ये उद्भवला. 'क्लायमेटप्रेडिक्शन डॉट नेट' आणि बीबीसी यांनी फेब्रुवारीत सुरू केलेल्या प्रयोगात १९२० ते २०८० या काळाचे हवामान प्रत्येक संगणकावर महिनोन् महिने गणले जात होते. एप्रिलमध्ये उघड झाले की, मानवनिर्मित सल्फेटचे वातावरणातील प्रमाण काळानुसार वाढविणारी फाइल आपले काम करीत नव्हती. सल्फेटचे कण सूर्यप्रकाश परावर्तित करून तापमानवाढ काही अंशी झाकतात. ते आवरण नसल्याने प्रतिमाने अवाजवी तापत होती. संगणक निर्दोष, आज्ञावली चालू, आकडे वरकरणी सुसंगत! मूळ सामग्रीच सदोष असेल तर हजार संगणकांचे एकमतही निरुपयोगी असते. स्वयंसेवकांना नवी प्रतिमाने देऊन पुन्हा १९२० पासून आरंभ करावा लागला. जुन्या गणनेचा उपयोग झाला, पण मूळ उद्देशासाठी नव्हे. अशा वेळी बंद न पडलेल्या कार्याविषयीची शंकाच अधिक मोलाची असते आणि ती पुराव्याची पूर्तता होण्याआधी मांडणे इष्ट होय.

अर्थात, कळविलेली गोष्ट पोहोचलीच पाहिजे. १७ सप्टेंबर २०१५ रोजी 'गिम्प्स'च्या एका संगणकाने २,२३,३८,६१८ अंकी मर्सेन मूळ संख्या सापडल्याचे सर्व्हरला कळविले होते. सर्व्हरकडून संबंधितांना जावयाचा ईमेल एका दोषामुळे गेलाच नाही. ही नोंद ७ जानेवारी २०१६ रोजी, नेहमीच्या देखभालीच्या कामात, कोणाच्या तरी नजरेस पडली.