विज्ञानकथेतली फाडलेली बाई

१ जानेवारी १८१८ ही तारीख आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. कोरेगावला भीमेच्या काठी पेशव्याच्या फौजेपुढं महार सैनिक उभे ठाकले, तो हा दिवस. त्याच तारखेला सातासमुद्रापलीकडं लंडनमध्ये एक कादंबरी बाहेर पडली. नाव 'फ्रँकेन्स्टाइन'. प्रती फक्त पाचशे. पुस्तकावर लेखकाचं नाव नाही. लिहिणारी होती वीस वर्षांची एक पोरगी, मेरी शेली. लोकांना वाटलं, हिच्या नवऱ्यानंच लिहिलं असणार. तिचं नाव पुस्तकावर यायला १८२३ साल उजाडलं.

या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध काही नाही. पण विज्ञान कादंबरीचा इतिहास सांगताना बरेच अभ्यासक याच पुस्तकापासून सुरुवात करतात. आपणही तिथूनच करू. फक्त आपण वाचणार ते आपल्या डोळ्यांनी.

गोष्ट अशी. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन नावाचा एक हुशार विद्यार्थी मेलेल्यांचे अवयव जमवून एक माणूस तयार करतो, त्यात जीव घालतो, आणि त्यानं डोळे उघडताच त्याची किळस येऊन पळून जातो. त्या माणसाला नाव नाही. जो बघतो तो त्याला हाकलतो, दगड मारतो. तो एका झोपडीमागं लपून राहतो. भिंतीच्या फटीतून ऐकून ऐकून भाषा शिकतो, वाचायला शिकतो. त्या घरातला म्हातारा आंधळा आहे. तो तेवढा त्याच्याशी माणसासारखा बोलतो. डोळस मंडळी घरात येतात आणि काठीनं झोडपून काढतात. हे वाचताना आपल्याला कुणाची आठवण येते ते वेगळं सांगायला नको. शाळेबाहेर बसून शिकलेली माणसं आपल्याच घरात होती.

पण माझा मुद्दा पुढचा आहे. तो बिननावाचा माणूस आपल्या निर्मात्याला म्हणतो, माझ्यासाठी एक बाई तयार कर. व्हिक्टर कबूल होतो. ऑर्कनीच्या एका बेटावर काम सुरू करतो. बाई अर्धी तयार होते आणि त्याच्या मनात भलतीच भीती शिरते. ही बाई स्वतः विचार करील. आपल्या जन्माआधी दोघा पुरुषांनी केलेला करार ती मानणार नाही. शिवाय तिला पोरं झाली तर? तो तिला तिथंच फाडून टाकतो.

म्हणजे विज्ञानकथेतली ही पहिली घडवलेली बाई उभी राहायच्या आतच फाडली गेली. गुन्हा काय? ती विचार करील, एवढाच. त्यानंतरच्या दोनशे वर्षांत ही बाई कुठं कुठं उभी राहिली, आणि कुठं राहिली नाही, त्याचा हा हिशेब आहे.

ती पहिल्यांदा ठणठणीत उभी राहिली ती युरोपात नव्हे, तर बंगालमध्ये. साल १९०५. रुकैया सखावत हुसेन नावाच्या पडद्यातल्या बाईनं इंग्रजीत एक कथा लिहिली, 'सुलतानाज् ड्रीम'. मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझिन'मध्ये ती छापून आली. रुकैयाला घरात इंग्रजी शिकायची बंदी. थोरल्या भावानं चोरून शिकवलं. या बाईनं कथेत काय केलं? एक देश उभा केला, जिथं पुरुष घराच्या आत कोंडलेले आणि बाया बाहेर कारभार बघतात. बायांची विद्यापीठं आहेत. एका विद्यापीठानं हवेतलं पाणी गोळा करायची युक्ती काढलीय, दुसऱ्यानं सूर्याची उष्णता साठवायची. शत्रू चालून आला, पुरुष हरले, तेव्हा विद्यापीठाची प्रमुख बाई आपल्या दोन हजार विद्यार्थिनी घेऊन गेली आणि सूर्याच्या उष्णतेनं शत्रूला पळवून लावलं. तिथं चूल धुराची नाही, उन्हाची. विमानं आहेत. शेती विजेवर होते. आणि दिवसाला दोन तास काम पुरतं.

राइट बंधूंचं विमान उडून दोनच वर्षं झाली होती. आणि इथं एक बाई पडद्याआड बसून सौर ऊर्जा लिहीत होती! १९११ साली तिनं कलकत्त्यात मुलींची शाळा काढली, आठ मुली घेऊन. कथेतलं विद्यापीठ आणि रस्त्यावरची शाळा एकाच बाईच्या डोक्यातून निघालेली. तरी आपला प्रश्न राहतोच. त्या देशात राणी आहे, शास्त्रज्ञ बाया आहेत. झाडूवाली कुठं आहे? रुकैयानं यंत्राला राबवून तो प्रश्न मिटवला. यंत्र येईपर्यंत कोण राबलं, ते काही कथेत येत नाही.

मराठीत बघा. काशीबाई कानिटकरांची 'पालखीचा गोंडा' ही कादंबरी १९२८ साली आली. एका संस्थानात बाईच्या हाती सत्ता येते आणि बायांचं राज्य उभं राहतं, अशी कल्पना. यंत्रबिंत्र त्यात नाही, म्हणून तिला विज्ञान कादंबरी म्हणता येणार नाही. पण 'अजून नसलेलं जग' मराठी बाईनं लिहिलं, ही गोष्ट मोठीच. फक्त ते जग पालखीत बसणाऱ्यांच्या बाजूनं बघितलेलं आहे. पालखी उचलणाऱ्यांच्या खांद्यावरून ते कसं दिसलं असतं?

आता नाशकात या. डिसेंबर २०२१. गावात एकाच वेळी दोन मांडव पडले होते, एक ९४ व्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचा आणि दुसरा विद्रोही संमेलनाचा. अखिल भारतीयचे अध्यक्ष होते डॉ. जयंत नारळीकर. प्रकृतीमुळं त्यांना येता आलं नाही. पण विज्ञानकथा लिहिणारा शास्त्रज्ञ मराठी साहित्याच्या अध्यक्षपदावर बसला, ही नवी गोष्ट होती. नारळीकरांनी फलज्योतिषाच्या थोतांडाविरुद्ध आयुष्यभर लढा दिला. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. त्यांचं ऋण मान्य करूनच पुढचं बोलतो.

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी पहिली कथा पाठवली, 'कृष्णविवर'. स्वतःच्या नावानं नाही, 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावानं. बक्षीस मिळालं. १९७९ ला 'यक्षांची देणगी' हा संग्रह आला आणि मराठीत विज्ञानकथेला घर मिळालं. त्या घरात बाई कुठं आहे? 'धूमकेतू' ही कथा घ्या. धूमकेतू शोधणारा दत्त हा पुरुष, दुर्बिणीपाशी. त्याची बायको इंद्राणीदेवी धूमकेतूच्या भीतीनं शांतीचा यज्ञ करवते. विज्ञान नवऱ्याच्या वाटणीला आणि अंधश्रद्धा बायकोच्या! आपला अनुभव काय सांगतो? १९५६ नंतर ज्या घरांतून देव्हारे बाहेर गेले, तिथं बायांनी स्वतःच्या हातानं देव टोपल्यात भरून नदीत सोडले. दुर्बीण नव्हती त्यांच्याकडं. विवेक होता.

दुसरी कथा, 'गंगाधरपंतांचे पानिपत'. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अपघातानं दुसऱ्याच एका जगात जाऊन पडतात. तिथं १७६१ च्या पानिपतात मराठे जिंकलेले आहेत. कंपनी सरकार देशभर पसरलंच नाही. पेशव्यांनी विज्ञानाची केंद्रं काढली, हळूहळू लोकशाहीही आली. पंत ग्रंथालयात जाऊन हा सगळा इतिहास वाचतात. कल्पना झकास आहे, त्यात वाद नाही. पण दोस्तहो, थांबा जरा. त्या जगात १ जानेवारी १८१८ येतच नाही. पेशवाई चालूच आहे. पेशव्यांच्या त्या विज्ञान केंद्रात महारामांगाच्या पोरीला कुणी घेतलं असतं काय?

हा प्रश्न हवेतला नाही. फुल्यांच्या शाळेत शिकणारी चौदा वर्षांची मुक्ता साळवे १८५५ साली 'ज्ञानोदया'त महारमांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिते. त्यात बाजीरावाच्या राज्यात आपल्या माणसांची मुंडकी कशी उडवली जात, याचा जाब आहे. जो धर्म आम्हाला ग्रंथ वाचू देत नाही तो आमचा कसा, हा सवाल आहे. मुक्ताच्या हातात पाटी आली ती पेशवाई बुडाल्यावर. आता गंगाधरपंतांच्या जागी मुक्ताला त्या दुसऱ्या जगात पाठवा. पंत ग्रंथालयात सरळ आत जातात. मुक्ताला पायरीवरच अडवतील. कथा तीच, यंत्र तेच, फक्त नायिका बदलली की सगळं जग उलटं होतं. नायिका कोण, हा प्रश्न म्हणून महत्त्वाचा. बाईच्या हातात पिस्तूल किंवा अग्निबाण दिला की झाली ती खंबीर, असं मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

हे काम अमेरिकेत एका काळ्या बाईनं करून दाखवलं. तिच्याकडं जायच्या आधी एक दुवा सांगतो. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. निग्रोंचं गाऱ्हाणं संयुक्त राष्ट्रांपुढं नेलं जात होतं, त्याची माहिती मागितली. ड्यू बॉइस यांनी उत्तरही दिलं. याच ड्यू बॉइस यांनी १९२० साली एक विज्ञानकथा छापली होती, तिचंही नाव 'द कॉमेट', म्हणजे धूमकेतूच! धूमकेतूच्या विषारी वायूनं न्यूयॉर्क मरून पडतं. उरतात दोघंच, एक काळा नोकर जिम आणि एक श्रीमंत गोरी तरुणी. घटकाभर वर्णभेद गळून पडतो. मग तिचा बाप आणि बाकीचे गोरे येतात, आणि भेद पुन्हा जागच्या जागी. शेवटी जिमची काळी बायको येते, हातात मेलेलं लेकरू घेऊन. एवढ्या जबरदस्त कथेत काळ्या बाईला जागा मिळाली ती शेवटच्या ओळींत.

ती बाई पहिल्या ओळीपासून पुस्तकभर उभी राहिली १९७९ साली, 'यक्षांची देणगी'च्याच वर्षी. कादंबरी 'किन्ड्रेड', लेखिका ऑक्टेव्हिया बटलर. बटलरचा बाप बूटपॉलिश करायचा, तो लवकर गेला. आई गोऱ्यांच्या घरी मोलकरीण, मागच्या दारानं आत जाणारी. मागच्या दाराची ही आठवण घेऊन बटलर लिहायला बसली. तिची नायिका डेना, १९७६ ची शिकलेली काळी तरुणी, लॉस एंजेलिसच्या घरातून अचानक मेरीलँडच्या गुलामगिरीच्या काळात ओढली जाते. काळ ओलांडायचं यंत्र कादंबरीत नाही. पूर्वजाचं रक्तच ओढतं. पूर्वज गुलामांचा मालक आहे. तो मेला तर डेनाचा वंशच जन्मणार नाही, म्हणून त्याला जगवणं तिला भाग पडतं. ती गुलामांच्या पोराला चोरून वाचायला शिकवते, चाबूक खाते. शेवटी परत येते तेव्हा तिचा डावा हात भिंतीत अडकून तुटलेला असतो. भूतकाळात सहल करून सहीसलामत परत येणं गंगाधरपंतांना जमतं. डेनाला जमत नाही.

१९९३ साली बटलरनं भविष्यही लिहिलं. 'पॅरेबल ऑफ द सोअर'ची लॉरेन पंधरा वर्षांची काळी पोरगी. कादंबरी सुरू होते २०२४ मध्ये. पाणी विकत, वस्त्या जळतायत, काम म्हणजे वेठबिगारी. लॉरेनला दुसऱ्याची वेदना स्वतःच्या अंगात होते. तिची वस्ती जळून जाते. ती चालत निघते आणि वाटेत भेटलेल्यांना घेऊन नवी वस्ती वसवते. तिचा खंबीरपणा असा, की उद्या काय येणार हे ती आज बघते आणि गाठोडं तयार ठेवते. १९९५ साली बटलरला मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. विज्ञान कादंबरीकाराला ती पहिल्यांदाच मिळत होती.

आता आपलं. आपल्या बायांनी भूतकाळ लिहिला. बेबीताई कांबळेंचं 'जिणं आमुचं', नाशिकच्या शांताबाई दाणींचं 'रात्रंदिन आम्हा', ऊर्मिला पवारांचं 'आयदान'. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' लिहून चळवळीतल्या बायांची नावं जमा केली. मराठी विज्ञानकथेतही शुभदा गोगटेंसारख्या बाया लिहीत आल्या. पण आपल्या वस्तीतली पोरगी नायिका होऊन उद्याच्या काळात चालतेय, हे चित्र अजून आपल्या डोळ्यांपुढं ठसलेलं नाही. भविष्य म्हटलं की आपल्यालाही चष्मेवाले पंतच दिसतात. ही सवय मोडली पाहिजे.

मालमसाला इथंच पडलाय. पंचवटीतलं काळाराम मंदिर पेशवाईतलं, सरदार ओढेकरांनी बांधलेलं. मार्च १९३० मध्ये त्याच मंदिराच्या दारांवर सत्याग्रहाची पहिली तुकडी बसली, १२५ पुरुष आणि २५ बाया. त्या पंचवीस जणींतली एक काळ ओलांडून दीडशे वर्षं मागं गेली, पाया खणला जात असताना तिथं उभी राहिली, तर काय बघेल? आणि शंभर वर्षं पुढं आली तर?

दुसरं. २०१४ च्या सप्टेंबरात आपलं यान मंगळाभोवती फिरू लागलं. त्याच्या वर्षभर आधी, २०१३ साली, हातानं मैला साफ करण्याविरुद्ध नवा कायदा झाला होता. त्यानंतरही गटारात माणसं उतरली आणि मेली. मंगळावर यंत्र जातं आणि गटारात माणूस, याचा जाब विचारणारी विज्ञान कादंबरी सवर्ण प्राध्यापकानं लिहावी, अशी वाट बघत बसायचं का? गटारात मेलेल्याची पोरगी इंजिनिअर झाली आणि तिनं बनवलेलं यंत्र नगरपालिका विकत घेईना, इथून सुरू करा. त्यात परग्रहवासी नसला तरी चालेल.

व्हिक्टरनं ती बाई फाडली, कारण दुसऱ्यांनी केलेला करार ती मानणार नाही, याची त्याला भीती होती. त्याची भीती खरी होती. मुक्तानं करार मानला नाही. काळारामाच्या दारातल्या पंचवीस जणींनी मानला नाही. आता कागदावर ती उभी करायचीय. पोरींनो, वही काढा. आणि पोरांनो, तुम्ही मधे मधे करू नका, वाचून दाखवतील तेव्हा ऐका.