मिश्र नीतीतील समतोल

खेळ सिद्धांतातील एक मूलभूत संकल्पना. दोन किंवा अधिक पक्षांच्या चढाओढीत प्रत्येकाजवळ काही पर्याय असतात. एकच पर्याय ठरवून त्यावर ठाम राहणे ही शुद्ध नीती. अनेक पर्याय ठराविक प्रमाणात, पण कोणताही क्रम लागू न देता वापरणे ही मिश्र नीती. सगळ्या पक्षांची प्रमाणे अशी जुळली की एकट्याने आपले प्रमाण बदलून कोणाचाच फायदा होत नाही, म्हणजे मिश्र नीतीतील समतोल साधतो. दरवेळी उजव्याच कोपऱ्यावर चढाई करणारा कबड्डीपटू दोन चढायांत ओळखला जातो. अशा खेळांत शुद्ध नीतीचा समतोल नसतो. मिश्र नीतीचा मात्र असतोच.

तो शोधण्याची किल्ली पहिल्यांदा उलटी वाटते. माझे प्रमाण माझ्या नफ्यातोट्यावरून निघत नाही, समोरच्याच्या नफ्यातोट्यावरून निघते. समोरचा दोन पर्याय आलटून-पालटून वापरतो याचा अर्थ ते दोन्ही त्याला सारखेच फळ देतात. एकात जरा जास्त मिळाले असते तर त्याने दुसऱ्याला हात लावला नसता. म्हणून माझे प्रमाण असे हवे की समोरच्याचे पर्याय त्याला सारखे वाटावेत. पुढच्या सगळ्या रीती या एका वाक्यातून निघतात, आणि विद्यार्थ्यांच्या बहुतेक चुकाही हे वाक्य सुटल्यामुळेच होतात.

फ्रेंच गणिती एमिल बोरेल यांनी १९२१ मध्ये मिश्र नीतीची कल्पना मांडली. एकाचा तोटा तोच दुसऱ्याचा नफा अशा दोन पक्षांच्या, म्हणजे शून्य-बेरजेच्या, खेळाला असे उत्तर असतेच, हे जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ मध्ये सिद्ध केले. हितसंबंध पूर्ण विरोधी नसले आणि पक्ष कितीही असले तरी, पर्यायांची संख्या मर्यादित असेल तर समतोल असतो, हे जॉन नॅश यांनी १९५० मध्ये जेमतेम पानभराच्या टिपणात दाखवले. तेव्हा ते २१ वर्षांचे होते. पण ती सिद्धता समतोल आहे एवढेच सांगते, तो सापडायचा कसा ते सांगत नाही. प्रस्तुत नोंद मुख्यतः या शोधण्याविषयी आहे.

जागलीचे उदाहरण. यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यात पूस नदीच्या खोऱ्यातली वावरे जंगलाच्या आणि टेकड्यांच्या कडेला भिडलेली आहेत. पऱ्हाटी, तूर, हरभरा उभा असला की रानडुकरे आणि रोही रात्री उतरतात, आणि शेतकऱ्याला जागलीला, म्हणजे रात्रीच्या राखणीला, जावे लागते. झटका मशीन, फटाके, बत्ती हे सगळे असले तरी माणूस एका वेळी एकाच धुऱ्यावर बसू शकतो. डिसेंबरातले एक वावर घेऊ. नाल्याकडे हरभरा, टेकडीकडे तूर. हिशेबापुरते धरलेले आकडे असे : माणूस हरभऱ्याकडे असताना कळप हरभऱ्यात शिरला तर रात्रीचे नुकसान १, तुरीत शिरला तर ४. माणूस तुरीकडे असताना कळप हरभऱ्यात शिरला तर ८, तुरीत शिरला तर १. एकक शंभर रुपयांचे मानावे, आणि शेतकऱ्याचे जेवढे गेले तेवढे कळपाने कमावले असे तूर्त समजावे.

रोज हरभराच राखला तर कळप तुरीत जाणार आणि दर रात्री ४ जाणार. रोज तूरच राखली तर ८. आता शेतकरी प इतक्या प्रमाणात हरभऱ्याकडे बसतो असे धरू. कळपाला हरभऱ्यात सरासरी प + ८(१ − प), म्हणजे ८ − ७प मिळते. तुरीत ४प + (१ − प), म्हणजे १ + ३प. ही दोन सारखी ठेवली की १०प = ७, म्हणून प = ०·७. दहातल्या सात रात्री हरभरा, तीन रात्री तूर, आणि सरासरी नुकसान ३·१. कळपाचे प्रमाण शेतकऱ्याच्या बाजूने काढायचे. कळप फ प्रमाणात हरभऱ्यात शिरत असेल तर हरभऱ्याकडे बसून नुकसान ४ − ३फ, तुरीकडे बसून १ + ७फ; यावरून फ = ०·३. दोन्हीकडून नुकसान ३·१ च येते, हा हिशेब बरोबर असल्याचा पडताळा.

चौकटीच्या कागदावरही हे करता येते. आडव्या अक्षावर प, उभ्या अक्षावर नुकसान घेऊन वरच्या दोन रेषा काढाव्यात. कळप नेहमी वरची रेषा निवडणार, म्हणून दोन्हींचा वरचा काठ पाहायचा. त्या काठाचा सर्वांत खालचा बिंदू म्हणजे छेदनबिंदू, तोच ०·७. एका बाजूला दोनच पर्याय असतील तर दुसऱ्या बाजूला कितीही असोत, ही रीत पुरते.

आता बाजारात हरभऱ्याचा भाव दुप्पट झाला असे समजू. शेतकऱ्याचे हरभऱ्यातले नुकसान १ आणि ८ ऐवजी २ आणि १६ झाले. डुकराच्या पोटाला भावाशी देणेघेणे नाही. त्याचा लाभ जुनाच राहिला. खेळ आता शून्य-बेरजेचा नाही. कोणीही म्हणेल, हरभरा महाग झाला, तिकडे जास्त बसावे. समतोलाचे गणित तसे म्हणत नाही. शेतकऱ्याचे प्रमाण कळपाच्या लाभावरून निघते, आणि तो बदललेला नाही. म्हणून प ०·७ च राहते. बदलते ते कळपाचे प्रमाण : ४ − २फ = १ + १५फ, म्हणजे फ = ३/१७, सुमारे ०·१८. नुकसान ३·६५ च्या आसपास जाते. याच धर्तीवर जॉर्ज त्सेबेलिस यांनी १९८९ मध्ये दाखवले की गुन्ह्याची शिक्षा वाढवली तर समतोलात गुन्ह्यांचे प्रमाण तेच राहून पोलिसांच्या तपासणीचे प्रमाण घटते. त्या निष्कर्षावर बराच वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता, कारण गृहीतके बदलली की निष्कर्षही बदलतो. किल्लीची ताकद मात्र त्यातून नीट दिसते.

पर्याय वाढले तर. शेतकऱ्याने वावराच्या मधोमध मचाण बांधले. तिथून कोणत्याही धुऱ्यावर पोचायला वेळ लागतो : हरभऱ्यात नुकसान ४, तुरीत ३. मूळ भावांच्या खेळात कळपाचे प्रमाण ०·३ असताना मचाणावरचे नुकसान १·२ + २·१ = ३·३ येते. ते ३·१ हून जास्त, म्हणून मचाण नीतीत येत नाही. जुना समतोल तसाच टिकतो. आता चांगली बत्ती आणि एक कुत्रा घेऊन हे आकडे ३ आणि २·५ वर आणले, तर मचाणावरचे नुकसान २·६५ होते आणि जुना समतोल मोडतो. नवा समतोल मचाण आणि हरभरा या दोनच पर्यायांवर बसतो. सातातले सहा भाग मचाण, एक भाग हरभरा. कळप सातातले तीन भाग हरभऱ्यात, चार भाग तुरीत. नुकसान सुमारे २·७१. तुरीच्या धुऱ्यावर बसले तर नुकसान ४, म्हणून तो धुरा नीतीतून पूर्ण गळतो.

समतोल शोधण्याच्या या रीतीत तीन पायऱ्या आहेत. आधी कोणते पर्याय वापरात असतील याचा अंदाज करायचा. या पर्यायांच्या गटाला नीतीचा आधार म्हणतात. त्या आधारापुरती समीकरणे सोडवायची. मग प्रमाणे ऋण तर आली नाहीत ना, आणि आधाराबाहेरचा एखादा पर्याय जास्त फायद्याचा तर नाही ना, हे तपासायचे. ही शेवटची तपासणी सोडून देण्याचा मोह होतो. ती सोडली तर उत्तर चुकीचे असूनही समीकरणे सुटल्याचे समाधान मिळते. अडचण संख्येची आहे. दोन्ही बाजूंना २ पर्याय असतील तर आधारांच्या ९ जोड्या, ३ असतील तर ४९. १० असतील तर १०,४६,५२९.

शून्य-बेरजेच्या खेळात या जंगलात शिरावेच लागत नाही. समोरच्याच्या प्रत्येक पर्यायासमोर माझे नुकसान न पेक्षा जास्त होऊ नये, आणि न शक्य तितका लहान असावा, एवढीच अट मांडली की तो लिनिअर प्रोग्रॅमिंगचा प्रश्न होतो. जॉर्ज डँट्झिग यांची १९४७ ची सिम्प्लेक्स रीत तो सहसा झटकन सोडवते. पण अवघडात अवघड उदाहरणही वाजवी वेळात सुटेल याची खात्री त्या रीतीत नव्हती. ती १९७९ मध्ये लिओनिद खाचियान यांनी तत्त्वतः दिली, आणि प्रत्यक्ष वापरात टिकेल अशी रीत १९८४ मध्ये नरेंद्र करमरकर यांनी. ग्वाल्हेरच्या मराठी घरात जन्मलेले आणि आयआयटी मुंबईत शिकलेले करमरकर तेव्हा अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये होते. त्यांची रीत अटींनी घडणाऱ्या बहुपृष्ठाच्या कडाकडांनी न चालता आतल्या भागातून वाट काढते.

हितसंबंध पूर्ण विरोधी नसले की प्रश्न अवघड होतो. लेम्के आणि हाउसन यांची १९६४ ची रीत दोन पक्षांच्या खेळात एका टोकापासून वाट धरून समतोलापाशी नक्की पोचवते. मात्र ही वाट कधी कधी पर्यायांच्या संख्येच्या मानाने भयंकर लांब होते, हे सावनी आणि फॉन श्टेंगेल यांनी २००४ मध्ये दाखवले. समतोल शोधणे हे पीपीएडी या अवघड प्रश्नांच्या वर्गातले सर्वांत अवघड काम आहे, हे डास्कालाकिस, गोल्डबर्ग आणि पापादिमित्रिऊ यांनी सिद्ध केले; दोनच पक्ष असले तरी तसेच, हे २००६ मध्ये चेन आणि डेंग यांनी. मग सोपे आणि अवघड यांची सीमारेषा कुठे, हा प्रश्न उरला.

या सीमेवरचे एक महत्त्वाचे काम मुंबईत, पवईला झाले. दोन्ही पक्षांच्या लाभसारण्यांची बेरीज घेतली की शून्य-बेरजेच्या खेळात तिची कोटी (रँक) ० असते. कोटी १ असली तर काय, हा कण्णन आणि टेओबाल्ट यांनी उभा केलेला प्रश्न होता. आयआयटी मुंबईतील भरत अडसूळ, जुगल गर्ग, रुता मेहता आणि मिलिंद सोहोनी यांनी २०११ मध्ये अशा खेळांसाठी अचूक आणि जलद रीत दिली. वरचा भाववाढीचा खेळ याच वर्गातला आहे : कळपाचा लाभ आणि शेतकऱ्याचे नुकसान यांतला सगळा फरक हरभऱ्याच्या एकाच स्तंभात आहे, म्हणून बेरजेची कोटी १. कोटी ३ किंवा अधिक झाली की प्रश्न पुन्हा पीपीएडीइतका अवघड होतो, हे मेहता यांनी २०१४ मध्ये दाखवले. आपल्याकडे खेळ सिद्धांत बहुधा अर्थशास्त्राच्या पुस्तकातल्या एका प्रकरणापुरता शिकवला जातो; त्यातला इतका मूलभूत निकाल महाराष्ट्रात लागला, याची नोंद मराठीत ठळकपणे व्हायला हवी.

समतोल प्रत्यक्षात कोण गाठतो? डुक्कर समीकरणे सोडवत नाही. जॉन मेनार्ड स्मिथ आणि जॉर्ज प्राइस यांनी १९७३ मध्ये दाखवले की विचार न करणाऱ्या प्राण्यांच्या समूहातही, ज्याला जास्त फळ मिळते ते वागणे टिकत गेले की अशी प्रमाणे उभी राहू शकतात. माणसांपुरता प्रश्न शिकण्याचा आहे. समोरच्याच्या आजवरच्या वागण्याची सरासरी पाहून दरवेळी त्यावर सर्वांत चांगला डाव टाकत गेले, तर शून्य-बेरजेच्या खेळात ती सरासरी समतोलाकडे सरकते. हे ज्युलिया रॉबिन्सन यांनी १९५१ मध्ये सिद्ध केले. इतर खेळांत तसे होईलच असे नाही : लॉइड शॅप्ली यांनी १९६४ मध्ये तीन-तीन पर्यायांचा असा खेळ दिला ज्यात दोन्ही पक्ष गोल गोल फिरत राहतात. जॉन हार्सानी यांचे १९७३ चे स्पष्टीकरण मला जागलीच्या सर्वांत जवळचे वाटते. कोणी फासे टाकत नाही. आज नाल्याकडे थंडी जास्त, आज शेजारी सोबतीला तिकडे आहे, अशी ज्याची त्याला ठाऊक असलेली लहान कारणे असतात, आणि बाहेरून पाहणाऱ्याला तीच यदृच्छा दिसते.

जाणूनबुजून यादृच्छिक राहणे माणसाला जड जाते. काल इकडे बसलो तर आज तिकडे, असा पाळीपाळीचा क्रम नकळत लागतो. फुटबॉलच्या पेनल्टी किकच्या अभ्यासात इग्नासियो पालासिओस-हुएर्ता यांना २००३ मध्ये आढळले की कसलेले व्यावसायिक खेळाडू मात्र समतोलाच्या प्रमाणांच्या फार जवळ असतात आणि क्रमही लागू देत नाहीत. ज्याला तो सराव नाही त्याने दहा चिठ्ठ्या कराव्यात, सातांवर हरभरा आणि तिनांवर तूर लिहावे, रोज एक उचलावी आणि पुन्हा डब्यात टाकावी.

गस्त. मिलिंद तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच विचारावर उभारलेली प्रणाली २००७ पासून लॉस एंजेलिस विमानतळावर तपासणी नाक्यांच्या जागा आणि वेळा ठरवू लागली. पुढे त्याच धर्तीवर वनरक्षकांच्या गस्तीसाठी केलेली प्रणाली युगांडातल्या राष्ट्रीय उद्यानात वापरून पाहिली गेली. तिथे एक बदल आहे. राखणारा आधी आपले प्रमाण ठरवतो, हल्लेखोर ते काही दिवस न्याहाळतो आणि मग जागा निवडतो. आज कुठे बसणार हे गुप्त, पण किती प्रमाणात बसतो हे समोरच्याला कळलेले. जागलीचीही गोष्ट तीच आहे, कारण कळप बत्ती आणि वास रोज टिपत असतो. भाववाढीच्या खेळात याने फरक पडतो. शेतकऱ्याने हरभऱ्याकडचे प्रमाण ०·७ हून किंचितच वर नेऊन तिथे पक्के ठेवले, तर कळपाला तूर जरा जास्त फायद्याची वाटते आणि तो रोज तुरीतच उतरतो. शेतकऱ्याचे सरासरी नुकसान मग ४ × ०·७ + १ × ०·३, म्हणजे ३·१ च्या जवळपास येते. नॅशच्या समतोलात ते ३·६५ होते. प्रमाण ०·७ च्या किंचित खाली घसरले, तर कळप हरभऱ्याकडे वळतो आणि तेच नुकसान ६·२ होते.