वेडेलिया ढालकिडा : जैविक कीडनियंत्रणाच्या इतिहासातील एक प्रकरण

प्रस्तावना : कृषी इतिहासात दुष्काळ, जमीनमहसूल व सिंचन यांची चर्चा विपुल आढळते, शेतीचे भवितव्य बदलणाऱ्या कीटकांची दखल मात्र क्वचितच घेतली जाते. या दृष्टीने ऑस्ट्रेलियातील 'वेडेलिया' अर्थात रोडोलिया कार्डिनॅलिस या ढालकिड्याचा इतिहास उद्बोधक आहे.

पार्श्वभूमी : कापशी खवले कीड १८६८ च्या सुमारास कॅलिफोर्नियात आढळली. मूळ ऑस्ट्रेलियातील ही कीड तेथे आली, परंतु तिचे नैसर्गिक शत्रू मागेच राहिले. १८८० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातील संत्राबागा उद्ध्वस्त होऊ लागल्या. फवारण्या निष्फळ ठरल्या.

कोबेले यांची मोहीम : अमेरिकी कृषी खात्यातील कीटकशास्त्रज्ञ सी. व्ही. रायली यांनी १८८८ मध्ये अल्बर्ट कोबेले यांना ऑस्ट्रेलियास पाठविले. खात्याच्या निधीतून परदेशप्रवासास मनाई असल्याने हा खर्च मेलबर्न प्रदर्शनासाठीच्या तरतुदीतून भागविण्यात आला. मुख्य भरवसा एका परोपजीवी माशीवर होता; ढालकिडा अ‍ॅडलेड येथे शोधादरम्यान सापडला. जानेवारी १८८९ पर्यंत १२९ ढालकिडे जिवंत पोहोचले. डी. डब्ल्यू. कॉक्विलेट यांनी ते लॉस एंजेलिस येथे तंबूने झाकलेल्या संत्र्याच्या झाडावर सोडले. जूनपर्यंत दहा हजारांहून अधिक ढालकिडे बागाईतदारांना वाटण्यात आले आणि वर्षअखेरीस कीड आटोक्यात आली.

यशाची जैविक कारणे : मादी आपली अंडी किडीच्या अंगावर वा तिच्या कापसासारख्या अंडपिशवीवर घालते. अळ्या आत शिरून अंडी फस्त करतात; प्रौढही त्याच किडीवर जगतात. उष्ण हवेत पिढी सुमारे महिन्याभरात पूर्ण होते, म्हणजेच भक्षकाची वाढ भक्ष्याहून वेगवान असते.

उत्तरकाळ : १९४० च्या दशकात डीडीटीच्या वापराने ढालकिडे नष्ट झाले आणि दबलेली कीड पुन्हा उफाळली. भारतात ही कीड १९२८ मध्ये निलगिरीत आढळल्यावर तेथेही हाच ढालकिडा आणण्यात आला.

निष्कर्ष : १८८८ मध्ये परका भक्षक कोणत्याही पूर्वपरीक्षेविना सोडला गेला, तो केवळ एकाच गटातील किडींवर जगणारा निघाला, हे सुदैव होय. गॅलापागोस बेटांवर २००२ मध्ये हाच ढालकिडा सोडण्यापूर्वी अनेक वर्षे चाचण्या झाल्या. मित्रकीटक आणताना धाडसाइतकीच सावधगिरी आवश्यक असते आणि आणलेला मित्र अविचारी फवारणीने गमावताही येतो, हे या इतिहासातून स्पष्ट होते.