केशोरीहून स्त्रीराज्याकडे

आषाढ लागलाय, साल 1905च्या सुमाराचं. केशोरीच्या शिवारात तुम्ही बांधीच्या धुऱ्यावर उभे आहात. जिल्हा भंडारा, मुलूख मध्य प्रांताचा. बाया ओणव्या होऊन पऱ्हे रोवताहेत, पोटऱ्यांपर्यंत चिखल. त्यांतली एक मधेच कंबर सरळ करते आणि आभाळाकडे बघते. पाऊस दडी मारणार का, हे तिला वाऱ्यावरून कळतं. पण तिला विचारतो कोण?

या बाईला ध्यानात ठेवा आणि बंडीत बसा. अर्जुनीकडे रूळ अजून पडलेले नाहीत. गोंदियाला बंगाल-नागपूर रेल्वे धरायची, हावड्याला उतरायचं, तिथून भागलपूर जिल्हा गाठायचा. एका डेप्युटी मॅजिस्ट्रेटचं घर. साहेब दौऱ्यावर गेलेत. आत पडद्यामागे त्यांची पत्नी, पंचविशीची रोकेया सखावत हुसेन, इंग्रजीत काहीतरी लिहिते आहे. लहानपणी थोरल्या भावानं घर झोपल्यावर, रात्री मेणबत्तीच्या उजेडात तिला ही भाषा शिकवली. साहेब परततात, उभ्याउभ्याच सगळं वाचून काढतात आणि म्हणतात, भयंकर सूड उगवलास! 1905मध्ये ही गोष्ट, ‘सुलतानाज ड्रीम’, मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझीन’मध्ये छापून येते.

आता त्या गोष्टीत शिरा. रस्त्यावर सगळ्या बाया. पुरुष घरात, मर्दान्यात. स्वयंपाकघरात धूर नाही, कोळसा नाही, चूल उन्हाच्या आचेवर. मान वर करा. ढगांच्या वर एक प्रचंड फुगा तरंगतो आहे, त्याला नळ्या जोडल्यात. स्त्रियांच्या विद्यापीठानं पाऊस पडायच्या आधीच आभाळातून पाणी काढून साठवलंय. शेती विजेवर चालते. शत्रू चालून आला तेव्हा दुसऱ्या विद्यापीठातल्या बायांनी साठवलेलं ऊन त्याच्यावर सोडलं, तलवार न उपसता. धुऱ्यावरची ती बाई इथं असती, तर त्या फुग्याची दोरी तिच्याच हाती असती, याबद्दल मला शंका नाही. पुरुषांना कोंडलं, एवढंच सांगून ही गोष्ट पुष्कळदा संपवली जाते. मला तिचा जीव त्या दोन विद्यापीठांत दिसतो.

परतताना 1928मध्ये थांबा. आपल्या मराठीत काशीबाई कानिटकरांची ‘पालखीचा गोंडा’ ही कादंबरी आली आहे. नवव्या वर्षी लग्न झालेल्या, सासरी चोरूनमारून वाचायला शिकलेल्या या बाईंनी एका संस्थानाचा कारभार बाईच्या हाती दिला. मराठीतलं हे स्त्रीराज्य. काशीबाई शिक्षण आणि राज्यकारभारावर विसंबल्या. रोकेयांनी ऊन, पाणी, वीजच बायकांच्या ताब्यात दिली. धाडस मला रोकेयांचं मोठं वाटतं, पण काशीबाईंना आपण इतकं विसरावं, हे मनाला लागतं.

रोकेया नुसती गोष्ट लिहून थांबल्या नाहीत. 1909मध्ये पती वारले. 1911मध्ये त्यांच्या नावानं कोलकात्यात मुलींची शाळा उघडली, 8 मुली घेऊन. ती आजही चालू आहे.

गोष्ट छोटी आहे, अर्ध्या-पाऊण तासात वाचून होते. केशोरी-अर्जुनीच्या शिक्षकांनो, यंदा रोवणीच्या दिवसांत ती मुलींना मराठीत सांगा, आणि मग आभाळातलं पाणी त्या कसं उतरवतील, हे त्यांनाच विचारा.