जत्रेची काच

वस्तूस नांव पडतें तें पुष्कळदां तिचा काळ सरल्यावर, आणि पुढें तें नांवच तिचा इतिहास होऊन बसतें. अमेरिकेंतील ‘कार्निव्हल’ काचेचें असेंच झालें. कार्निव्हल म्हणजे जत्रा. नेम साधणारास जत्रेंत बक्षीस मिळे तीच ही काच, असें सरसकट समजलें जातें. आमच्या मतें ही समजूत फार तर अर्धी खरी आहे.

न्यूयॉर्कच्या लुई कम्फर्ट टिफनीनें १८९४ सालीं आपल्या इंद्रधनुषी काचेचें ‘फाव्रील’ हें नांव नोंदविलें. फुंकून घडविलेलीं तीं पात्रें धनिकांनाच परवडत. १९०७ च्या अखेरीस वेस्ट व्हर्जिनियांतील विल्यम्सटाउन येथें फेंटन कंपनीनें निराळी युक्ति योजिली. साच्यांत दाबून काढलेलें भांडें तापलेलें असतांनाच त्यावर धातूंच्या क्षारांचा फवारा मारला, कीं तशीच मोरपिशी झळाळी स्वस्तांत उतरे. नॉर्थवुड, इम्पीरियल, डुगन, मिलर्सबर्ग हे कारखानेहि लवकरच त्या वाटेनें गेले. वाडगे, पेले, फुलदाण्या बेताच्या मिळकतीच्या गृहिणी दुकानांतून विकत घेऊं लागल्या. १९२५ च्या सुमारास तेथील ही हौस ओसरली. कांहीं माल जत्रांतून वाटला गेला, आणि १९५० नंतर संग्राहकांनीं साऱ्याच काचेस जत्रेचें नांव दिलें. ज्या कामगारांनीं ती घडविली, त्यांच्या कानीं तें कधीं पडलेंहि नव्हतें!

शिवाय ही काच अमेरिकेपुरतीच नव्हती. स्वीडन, फिनलंड, ऑस्ट्रेलिया येथें ती निघाली. आपल्या फिरोझाबादेसहि जैन ग्लास वर्क्सनें ती काढली. तेथील पेले आणि हातानें धरलेल्या फुलदाणीचा घाट परदेशचे संग्राहक आज आवर्जून शोधतात. त्या पेल्यांवर अमेरिकेंतील जत्रेचें नांव लादण्यास आधार तो कोणता?

या काचेचा रंग ओळखण्याची संग्राहकांची रीत मात्र आम्हांस फार मार्मिक वाटते. वरच्या झळाळीवर ते भिस्त ठेवीत नाहींत. भांडें पालथें करून उजेडांत धरतात, आणि बुडाशीं, जेथें फवारा पोंचलेला नसतो तेथें, मूळ काच जांभळी, निळी कीं हिरवी हें पाहतात. झेंडूच्या रंगाचा तेवढा अपवाद. तो बिनरंगी काचेवरील लेपाचाच. हीच परीक्षा त्यांनीं नांवासहि लावावी, एवढेंच आमचें म्हणणें. एरवीं भांडीं कपाटांत जपलीं जातील, पण चार पैसे वाचवून ज्यांनीं तीं हौसेनें घरीं आणलीं, त्या माणसांची आठवण राहणार नाहीं.