पुण्यातील जुन्या वस्तूंचे देणेघेणे

घरात नकोशी झालेली वस्तू टाकून न देता दुसऱ्याच्या उपयोगी पडू देण्याची रीत पुण्यात जुनी आहे. तिच्या इतिहासात वस्तूंपेक्षाही देणारा आणि घेणारा यांच्यातले नाते अधिक बदलले. घेणाऱ्याला पसंत-नापसंत सांगण्याचा अधिकार किती होता, यावर त्या नात्याची प्रतिष्ठा ठरत आली.

जातिव्यवस्थेत हा अधिकार जवळपास नव्हता. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात सेवक शूद्राला उष्टे अन्न आणि जीर्ण वस्त्रे द्यावीत असे सांगितले आहे. गावगाड्यात महारांच्या हक्कांमध्ये मढ्यावरचे कापडही मोडत असे. असे घेणे हे हीनत्वाची खूण होते. म्हणूनच मार्च १९२७ च्या महाड परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उष्टे तुकडे सोडून स्वाभिमानाने जगण्याचे आवाहन केले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले.

शहरातील वाड्यांमध्ये आणि चाळींमध्ये दुसरा व्यवहार रुजला, तो बोहारणीचा. डोक्यावर भांड्यांची पाटी आणि पाठीला कपड्यांचे गाठोडे घेऊन ती दारोदार हिंडे. घासाघीस दुपारच्या निवांत वेळी रंगे. बोहारीण साडी उजेडात धरून विरलेली जागा शोधी, काठ चाचपी, पँटचा गुडघा पाही आणि एवढ्यावर पातेले येणार नाही, आणखी एक शर्ट टाका, असा आग्रह धरी. स्टीलची भांडी घरोघर रुळली तशी ही देवघेव भरभराटीला आली. येथे कोणी कोणावर उपकार करीत नव्हते. दोन्ही बाजूंना नाही म्हणता येत होते. जमा झालेले कपडे धुऊन, शिवून पुन्हा विकले जात. अगदीच फाटके असले तर यंत्रे पुसण्याच्या चिंध्या म्हणून कारखान्यांत जात.

अशा मालाची पुण्यातील ठळक जागा म्हणजे मंगळवार पेठेजवळचा जुना बाजार. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या या बाजारात कपडे, हत्यारे, कुलुपे, पितळी भांडी, घड्याळे आणि यंत्रांचे सुटे भाग जमिनीवर मांडलेले असत. एका घरातील अडगळ दुसऱ्या घरात अशी अल्प किमतीत पोचे.

मोबदल्याशिवाय देण्याचा मोठा प्रसंग १२ जुलै १९६१ रोजी आला. पानशेत आणि पाठोपाठ खडकवासला धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांमधले संसार वाहून गेले. कालपर्यंत खाऊनपिऊन सुखी असलेली कुटुंबे नेसत्या वस्त्रांनिशी उरली. कपडे, अंथरुणे आणि भांडी यांची मदत घेणाऱ्यांत मध्यमवर्गीयही होते. गोखलेनगर, लोकमान्यनगर अशा नव्या वसाहतींत या संसारांची पुन्हा मांडामांड झाली.

घरकाम करणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत मात्र जुनी साडी आणि उरलेले अन्न कामाच्या मोबदल्यातच धरण्याची सवय टिकून होती. १९८० मध्ये पुण्यातील मोलकरणींनी संप केला आणि त्यांची संघटना उभी राहिली. पगारवाढ, रजा आणि दिवाळीचा बोनस या मागण्यांमुळे भेटवस्तू आणि मजुरी यांतला फरक स्पष्ट झाला.

१९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पाठबळाने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. टाकलेल्या वस्तूतून मूल्य निर्माण करणाऱ्या कचरावेचकांना कामगार म्हणून ओळख मिळावी, हा तिचा आग्रह होता. तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ पासून महापालिकेशी झालेल्या कराराने दारोदार कचरा गोळा करू लागली. जुने कपडे, फर्निचर आणि विजेची उपकरणे वेगळी गोळा करण्याच्या मोहिमाही ती घेते.

२०१५ च्या अखेरीस इराणमधील मशहद शहरात भिंतीला खुंट्या ठोकून त्यांवर नको असलेले कपडे टांगण्याचा उपक्रम सुरू झाला. ‘माणुसकीची भिंत’ या नावाने तो महाराष्ट्रातील अनेक शहरांत आणि पुण्यातही पोचला. देणारा वस्तू ठेवून जातो आणि गरजू आपल्याला हवी ती नेतो. समोरासमोर हात पसरावा लागत नाही. त्याआधी २००३ मध्ये अमेरिकेतील टूसॉन येथे ‘फ्रीसायकल’ने इंटरनेटवरून शेजाऱ्यांना वस्तू फुकट देण्याची पद्धत घालून दिली होती. पुण्यातील गृहसंकुलांच्या व्हॉट्सॲप गटांवर पाळणा, सायकल, शालेय पुस्तके याच रीतीने हात बदलतात.

मे २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या मोहिमेत शहरोशहरी वस्तू-संकलन केंद्रे उघडली गेली. पुणे महापालिकेनेही तशी केंद्रे सुरू केली. त्यामुळे पुनर्वापर हा नागरी सेवेचा भाग झाला. अशी सेवा नीट चालायची तर वस्तू धुतलेली, दुरुस्त आणि वापरण्याजोगी असावी लागते, आणि ती न आवडल्यास घेणाऱ्याला नाकारता यावी लागते.