कॅलिफोर्नियातील घरपट्टीचे बंड

कॅलिफोर्नियात घरपट्टी राज्याच्या नव्हे, तर काउंट्या, नगरपालिका आणि शाळांच्या तिजोरीत जात असे. साठच्या दशकापर्यंत मूल्यांकन अधिकारी राहत्या घरांची किंमत कमी धरत आणि व्यापारी मिळकतींची जास्त. हे अधिकारी निवडून येत आणि शेवटी मते घरमालकांचीच होती. १९६५ साली सॅन फ्रान्सिस्कोचे मूल्यांकन अधिकारी रसेल वोल्डन यांची लाचखोरी उघडकीस आली. पुढच्या वर्षीच्या कायद्याने सर्व मिळकतींना बाजारभावाच्या २५ टक्के हे एकच प्रमाण ठरवून दिले. त्यामुळे चिरीमिरीला आळा बसला, पण घरमालकांची अघोषित सवलतही गेली.

सत्तरच्या दशकात घरांचे भाव भडकले आणि घरपट्टीही त्यांच्या मागोमाग चढली. ठरावीक निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यांना स्वतःच्याच घरात राहणे परवडेना. त्याच काळात राज्य सरकारची तिजोरी मात्र फुगत होती, कारण महागाईमुळे पगार वाढला की माणूस आपसूक प्राप्तिकराच्या वरच्या टप्प्यात ढकलला जाई. १९७८पर्यंत ही शिल्लक सुमारे ५ अब्ज डॉलरवर गेली. ती वेळेवर वाटली असती, तर बंडाची धार बरीच बोथट झाली असती.

हॉवर्ड जार्विस आणि पॉल गॅन या करविरोधी कार्यकर्त्यांनी सह्या जमवून ‘प्रस्ताव १३’ मतदानाला आणला. ६ जून १९७८ रोजी तो सुमारे ६५ टक्के मतांनी संमत झाला. घरपट्टीला मूल्यांकनाच्या १ टक्क्याची मर्यादा आली. मूल्यांकन १९७५च्या पातळीवर नेण्यात आले आणि मिळकत विकली जाईपर्यंत त्यात वर्षाला फार तर २ टक्के वाढ करता येणार होती. घरपट्टीचे उत्पन्न निम्म्याहून खाली आले. प्रस्तावाला विरोध करणारे गव्हर्नर जेरी ब्राउन निकाल लागताच त्याचे कैवारी बनले आणि साठलेल्या शिलकीतून स्थानिक संस्थांना मदत देऊ लागले.

पण शिल्लक कायमची पुरणारी नव्हती. स्थानिक विशेष करांना मतदारांचे दोन तृतीयांश बहुमत लागे, शुल्कांना नाही. नगरपालिका साहजिकच शुल्कांकडे वळल्या. रस्ते, गटारे, उद्याने यांचा खर्च नव्या बांधकामावर विकास शुल्क म्हणून पडू लागला. १९८२च्या मेलो-रूस कायद्याने नव्या वसाहतींवर वेगळा कर बसवण्याची सोय केली. त्यासाठी मतदान लागे खरे, पण वस्तीच नसलेल्या जमिनीवर ते बहुधा एकट्या बिल्डरचे असे. जुन्या घरमालकाची सवलत अशी नव्या खरेदीदाराच्या खिशातून भरून निघाली. शेजारच्या सारख्याच घरांना निरनिराळी घरपट्टी लागण्यातला अन्याय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर गेला; १९९२ साली न्यायालयाने ही पद्धत वैध ठरवली.

करविरोधकांनी शुल्कांची वाटही मोकळी सोडली नाही. १९९६च्या ‘प्रस्ताव २१८’ने मिळकतींवरील शुल्कांना वेसण घातली, आणि २०१०च्या ‘प्रस्ताव २६’ने अनेक शुल्के करांच्याच व्याख्येत आणली.